मायलोमाच्या रुग्णासाठी कोणता स्कॅन, केव्हा आणि कशासाठी

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६३ वर्षे आहे. आठ महिने त्यांची पाठ दुखत होती. एक्स-रेमध्ये कमरेच्या वरचा एक मणका दबलेला दिसला, म्हणून हाडे ठिसूळ झाली आहेत असे सांगून कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्या. पुढे हिमोग्लोबिन ८.२ आणि किडनीचे काम दाखवणारे क्रिएटिनिन २.१ आले, बोन मॅरोची म्हणजे हाडातल्या मज्जेची तपासणी झाली आणि मल्टिपल मायलोमाचे, म्हणजे मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाचे, निदान झाले. आता रक्तरोगतज्ज्ञ पेट-सीटी करायला सांगतात, दुसरे डॉक्टर संपूर्ण शरीराचा एमआरआय सुचवतात, आणि नात्यातले एक जण म्हणतात की कमी खर्चाचा बोन स्कॅन पुरेसा आहे. एक्स-रेमध्ये बाकीची हाडे चांगली दिसतात. मग आणखी स्कॅनची खरोखर गरज आहे का? असल्यास कोणता करावा? आणि किडनीवर त्याचा परिणाम होईल का?

उत्तर : मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि मायलोमाच्या रुग्णांचे स्कॅन वाचणे हा गेल्या वीसहून अधिक वर्षांच्या माझ्या कामाचा मोठा भाग आहे. आपल्या प्रश्नात ‘एक्स-रेमध्ये बाकीची हाडे चांगली दिसतात’ असे जे वाक्य आहे, त्यापासूनच सुरुवात करतो, कारण या आजारात सर्वांत जास्त दिशाभूल त्याच वाक्याने होते.

साध्या एक्स-रेवर हाडातली पोकळी दिसू लागण्यासाठी त्या जागेच्या जाळीदार हाडातील साधारण ३० ते ५० टक्के खनिज आधीच नाहीसे झालेले असावे लागते. मणके आणि कंबरेची हाडे यांच्यासमोर आतड्यातला वायू येतो, फासळ्या एकमेकींवर पडतात, छातीचे मधले हाड आणि खांद्याचे पाते तर साध्या चित्रात नीट उलगडतच नाहीत. त्यामुळे एक्स-रेमध्ये पोकळी दिसली तर ती आहे असे मानता येते, पण दिसली नाही म्हणून ती नाही असे म्हणता येत नाही. १९७५ मध्ये ड्यूरी आणि सामन यांनी मायलोमाच्या पायऱ्या ठरवल्या, तेव्हा हाडांसाठी एक्स-रेवरच्या पोकळ्या मोजण्यावाचून दुसरे साधन नव्हते, आणि पुढची कित्येक दशके कवटीपासून मांडीपर्यंतच्या पंधरा-वीस फिल्म काढणे हाच नियम राहिला. मायलोमाशी संबंधित आजारांच्या २१२ रुग्णांचे एक्स-रे आणि संपूर्ण शरीराचे सीटी शेजारी ठेवून पाहणारा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे चौथा हिस्सा रुग्ण असे निघाले की ज्यांचा एक्स-रे स्वच्छ होता, पण सीटीमध्ये हाडे पोखरलेली होती. आपल्या वडिलांचा एक्स-रे चुकीचा काढला होता असे मी म्हणत नाही. ते यंत्र जेवढे दाखवू शकते, तेवढेच त्याने दाखवले.

बोन स्कॅनबद्दल मात्र मी स्पष्टपणे सांगतो की मायलोमा शोधण्यासाठी त्यावर खर्च करू नये. या तपासणीत टेक्निशियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडलेले एक द्रव्य शिरेतून देतात आणि ते शरीरात जिथे नवे हाड बांधले जात आहे तिथे जाऊन बसते. प्रोस्टेटच्या कर्करोगाची हाडातली गाठ आजूबाजूला नवे हाड बांधायला लावते, म्हणून त्या आजारात बोन स्कॅन उपयोगी पडतो. मायलोमात नेमके उलट घडते. विकृत प्लाझ्मा पेशी हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतात आणि हाड बांधणाऱ्या पेशींना गप्प बसवतात. पाडकाम जोरात आणि बांधकाम बंद, अशी अवस्था असल्यामुळे पोकळीच्या जागी ते द्रव्य थांबतच नाही. आपल्या वडिलांचा बोन स्कॅन केल्यास दबलेला मणका कदाचित उजळेल, कारण तिथे मोड भरून काढण्याची धडपड चालू असेल, आणि बाकीचे सर्व ‘नॉर्मल’ येईल. त्या अहवालाने घरातल्यांना दिलासा मिळेल, पण तो दिलासा खरा नसेल.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. कोणता स्कॅन चांगला, याला एकच उत्तर नाही, कारण सीटी, एमआरआय आणि पेट या तिन्ही तपासण्या तीन वेगळ्या गोष्टी पाहतात. सीटी हाड पाहते, एमआरआय हाडातली मज्जा आणि मज्जारज्जू पाहते, आणि पेट हे पेशींचे चालू असलेले काम पाहते. पेट-सीटीमध्ये पेट आणि सीटी एकत्र केलेले असतात. म्हणून आधी हे विचारायला हवे की स्कॅनच्या उत्तरावर आपल्या वडिलांच्या उपचारातला कोणता निर्णय अवलंबून आहे.

काही रुग्णांमध्ये उपचार सुरू करायचे की नाही हाच निर्णय स्कॅनवर ठरतो. ज्यांच्या मज्जेत विकृत पेशी आहेत पण रक्त, किडनी, कॅल्शियम सर्व ठीक आहे, अशा सुप्त मायलोमाच्या रुग्णांबाबत २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय मायलोमा कार्यगटाने निकष बदलले. सीटीमध्ये ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी एक जरी पोकळी दिसली, अथवा एमआरआयमध्ये ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे एकाहून अधिक डाग दिसले, तर तो सुप्त आजार राहत नाही आणि उपचाराला पात्र ठरतो. एमआरआयमध्ये एकच डाग असेल किंवा शंका असेल, तर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. एक बारकावा इथे नोंदवतो, कारण अहवालात तो अनेकदा निसटतो. पेटमध्ये नुसती जागा उजळली एवढ्यावर हाडाचा आजार सिद्ध होत नाही. त्या जागेखाली सीटीच्या भागात पोकळी दिसावी लागते.

आपल्या वडिलांचा प्रश्न हा नाही. हिमोग्लोबिन १० च्या खाली आणि क्रिएटिनिन २ च्या वर, म्हणजे उपचाराची गरज रक्ताच्या तपासण्यांनीच सिद्ध झालेली आहे. त्यांच्या बाबतीत स्कॅन करायचा तो वेगळ्या कारणांसाठी. पहिले, कोणते हाड मोडण्याच्या बेतात आहे का. दुसरे, दबलेल्या मणक्यामागे मज्जारज्जूवर दाब येत आहे का. तिसरे, हाडाबाहेर, म्हणजे यकृतात, फुप्फुसाच्या आवरणात किंवा स्नायूंत आजार पोहोचला आहे का. आणि चौथे, उपचारानंतर तुलना करण्यासाठी आजचे चित्र नोंदवून ठेवणे.

पहिल्या कारणासाठी कमी मात्रेचा संपूर्ण शरीराचा सीटी ही फार उपयुक्त तपासणी आहे आणि २०१९ मध्ये त्याच कार्यगटाने ती पहिली पायरी म्हणून सुचवली. डोक्यापासून गुडघ्यापर्यंतचे चित्र एका मिनिटाच्या आसपास निघते, उपाशी राहावे लागत नाही, शिरेतून काही द्यावे लागत नाही, आणि पाठदुखीने जो माणूस टेबलावर कूस बदलू शकत नाही त्याला एक्स-रेसाठी वीस वेळा वळवण्याचा छळ टळतो. मांडीच्या हाडाकडे मी स्वतः सर्वांत आधी पाहतो. प्रौढ वयात त्या हाडाच्या नळीत मुख्यतः चरबी असते आणि ती सीटीमध्ये काळी दिसते. त्या काळ्या नळीत करड्या रंगाची गाठ दिसली, आणि तिने हाडाची भिंत आतून कोरायला सुरुवात केली असेल, तर मी अहवाल टाइप होण्याची वाट न पाहता उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करतो. हाड मोडण्याआधी त्यात सळई बसवणे आणि मोडल्यानंतर बसवणे यांत रुग्णाच्या पुढच्या अनेक महिन्यांचा फरक असतो, कारण मोडलेल्या मांडीने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला केमोथेरपी वेळेवर देता येत नाही.

दुसऱ्या कारणासाठी एमआरआयला पर्याय नाही. निरोगी प्रौढ मणक्यातल्या मज्जेत भरपूर चरबी असते, त्यामुळे टी-वन प्रकारच्या चित्रात मणका त्याच्या शेजारच्या चकतीपेक्षा उजळ दिसतो. मायलोमाच्या पेशींनी ती जागा घेतली की मणका काळवंडतो, कधी ठिपक्याठिपक्यांनी, कधी सुट्या गाठींनी, तर कधी सबंध मणकाच चकतीपेक्षा गडद होतो. हाड अजून पोखरले गेलेले नसतानाही हा बदल दिसतो, हे एमआरआयचे मोठे बळ. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत मायलोमाचा संशय असल्यास संपूर्ण शरीराच्या एमआरआयचा पहिली तपासणी म्हणून विचार करावा असे सांगितले, ते याच कारणाने. आपल्याला तसे सुचवणारे डॉक्टर म्हणूनच चुकीचे नाहीत. मात्र त्याला पाऊण ते एक तास स्थिर पडून राहावे लागते, पेसमेकर असल्यास आधी सांगावे लागते, आणि तीव्र रक्तक्षयामुळे किंवा पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शनांमुळे निरोगी मज्जाही गडद दिसू शकते, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे लागते.

मणका दबल्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडे याच टप्प्यावर सर्वाधिक वेळ वाया जातो. साठीच्या माणसाचा मणका दबला की आपल्या समाजात दोन निदाने पटकन होतात, वयामुळे हाडे ठिसूळ झाली किंवा मणक्याचा क्षयरोग झाला. दोन्ही आजार आपल्याकडे खरोखर पुष्कळ आहेत, म्हणून असा विचार करणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. पण क्षयरोगाची औषधे काही महिने घेऊन, पाठ तशीच दुखत राहून, शेवटी किडनी बिघडल्यावर मायलोमाचे निदान झालेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांचे जुने एमआरआय पुन्हा उघडून पाहताना फार वाईट वाटते. क्षयरोग बहुधा दोन मणक्यांमधली चकती आणि तिच्या वरखालच्या कडा मिळून खातो, आजूबाजूला पू साठतो. मायलोमात मणका आतून रिकामा होतो आणि चकती बहुधा शाबूत राहते. ठिसूळपणामुळे दबलेल्या मणक्यात चरबीचा काही भाग उजळ राहिलेला दिसतो आणि मागची कड सहसा गोलाकार फुगत नाही. ही लक्षणे दर वेळी एवढी स्वच्छ नसतात आणि कित्येकदा सुईने तुकडा काढूनच उत्तर मिळते. तरीही पन्नाशीपुढच्या रुग्णाचा मणका कारणाशिवाय दबला असेल आणि सोबत हिमोग्लोबिन कमी किंवा क्रिएटिनिन वाढलेले असेल, तर मायलोमाच्या पेशींनी सोडलेली विकृत प्रथिने शोधणाऱ्या, रक्तातील प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन या तपासण्या करून घ्याव्यात, असे मी माझ्या अहवालाच्या शेवटी न चुकता लिहितो.

तिसऱ्या आणि चौथ्या कारणांसाठी पेट-सीटीकडे वळतो. यात किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर शिरेतून देतात, तासभर शांत बसवतात, आणि ज्या पेशी साखर अधिक खातात त्या चित्रात उजळतात. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते, म्हणून हे द्रव्य सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी द्रव्ये बनवणाऱ्या यंत्रात, बनवून त्याच दिवशी वापरावे लागते. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. आज ही सोय मुंबईबाहेरच्या मोठ्या शहरांतही आहे, पण द्रव्य वेळेत पोहोचले नाही म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते तेव्हा त्यामागे हेच कारण असते.

निदानाच्या वेळी एमआरआय आणि पेट-सीटी यांत फार अंतर नाही. १३४ रुग्णांच्या एका फ्रेंच अभ्यासात सुरुवातीला एमआरआयमध्ये ९५ टक्के आणि पेट-सीटीमध्ये ९१ टक्के रुग्णांत आजार दिसला. फरक पडतो तो नंतर. त्याच अभ्यासात उपचाराच्या तीन फेऱ्यांनंतर एमआरआय फक्त ३ टक्के रुग्णांत सामान्य झाला, पेट-सीटी मात्र ३२ टक्के रुग्णांत, आणि आजार परतू नये म्हणून देतात ते देखभालीचे औषध सुरू करण्यापूर्वी हे आकडे ११ आणि ६२ टक्के होते. ज्यांचा पेट तोवर स्वच्छ झाला, त्यांचा आजार अधिक काळ आटोक्यात राहिला आणि ते अधिक जगले. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मायलोमा कार्यगटाच्या २०१६ च्या निकषांत मज्जेत सूक्ष्म आजारही उरला नाही असे म्हणताना त्याला पेट-सीटीची जोड दिलेली आहे. शिवाय सुरुवातीच्या पेटमध्ये तीनहून अधिक उजळ जागा असणे, किंवा हाडाबाहेर आजार असणे, हे अधिक सावध राहण्याचे लक्षण मानतात. आपल्या रक्तरोगतज्ज्ञांनी पेट-सीटी सुचवण्यामागे ही दूरदृष्टी असावी असे मला वाटते, आणि मी त्यांच्याशी सहमत आहे.

पेटच्याही मर्यादा आहेत. साधारण दहातल्या एका रुग्णात मायलोमाच्या पेशींमध्ये साखर पकडून ठेवणारे हेक्सोकायनेज-२ हे विकर कमी असते आणि आजार असूनही चित्र स्वच्छ येऊ शकते. मेंदू स्वतःच भरपूर साखर खात असल्याने कवटीतले डाग त्याच्या उजेडात लपतात. उलट बाजूने क्षयरोगाच्या गाठी, किडलेला दात, नुकतेच झालेले हाडाचे मोड हेही उजळतात. झोलेड्रोनिक अॅसिडसारखी हाडांची औषधे सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्यायचेच असतात, तेव्हा जबड्यात उजळ जागा दिसली तर घाबरण्याआधी दंतवैद्याकडे जावे. मायलोमाच्या उपचारातल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा डोस नुकताच घेतलेला असेल तर आजाराचा उजेड मंदावतो आणि रक्तातली साखरही वाढते. म्हणून पहिला पेट शक्यतो स्टेरॉइडच्या आधी करावा. पण हे ‘शक्यतो’ महत्त्वाचे आहे. क्रिएटिनिन २.१ असताना स्कॅनची तारीख मिळत नाही म्हणून औषध आठ-दहा दिवस थांबवणे मला मान्य नाही, कारण रक्तातल्या लाइट चेन, म्हणजे मायलोमाच्या पेशींनी सोडलेले प्रथिनांचे तुकडे, किडनीच्या नळ्यांत साचत राहतात आणि गेलेली किडनी परत मिळेलच असे नाही. अशा वेळी औषध सुरू करावे आणि पेट जेवढ्या लवकर होईल तेवढ्या लवकर करावा.

किडनीविषयी आपली काळजी रास्त आहे, पण ती स्कॅनपेक्षा शिरेतून देण्याच्या कॉन्ट्रास्टबद्दल, म्हणजे चित्र उठावदार करणाऱ्या औषधाबद्दल, असावी. कमी मात्रेचा सीटी, मायलोमासाठीचा नेहमीचा एमआरआय आणि पेटबरोबरचा साधा सीटी, या तिन्हींना आयोडीनचा कॉन्ट्रास्ट लागत नाही. पेटमधल्या साखरेची मात्रा अत्यल्प असते आणि तिने किडनीला इजा होत नाही. तपासणीच्या अर्जावर ‘मायलोमा, क्रिएटिनिन २.१, कॉन्ट्रास्ट नको’ असे डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण गर्दीच्या केंद्रात नेहमीच्या सवयीने कॉन्ट्रास्टची तयारी केली जाऊ शकते. अन्य एखाद्या तपासणीसाठी तो द्यावाच लागला, तर शरीरात पाणी पुरेसे आहे आणि कॅल्शियम आटोक्यात आहे याची खात्री आधी करावी. पाठदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी औषधे ते अजून घेत असतील तर ती लगेच डॉक्टरांना दाखवून बंद करा. कोणत्याही स्कॅनपेक्षा त्यांच्या किडनीला आज त्या गोळ्यांचा धोका अधिक आहे.

किरणोत्साराची भीती या वयात आणि या आजारात मागे ठेवावी. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट किरणे मिळतातच, कमी मात्रेचा सीटी साधारण ३ ते ५ मिलिसीव्हर्टमध्ये होतो, पेट-सीटीला त्याहून अधिक लागतात, आणि एमआरआयमध्ये ती मुळीच नसतात.

उपचारानंतरच्या अहवालाबद्दल आताच सांगून ठेवतो, कारण सहा महिन्यांनी आपण तो वाचाल तेव्हा मन घट्ट असायला हवे. रक्तातील विकृत प्रथिन नाहीसे झाले असतानाही सीटीच्या अहवालात ‘पोकळ्या पूर्वीप्रमाणेच आहेत’ असे लिहिलेले असेल. मायलोमाने पाडलेली पोकळी आजार संपल्यावर बहुधा भरून येत नाही, कधी कधी तिच्या कडेला पांढरी रेघ धरते एवढेच. जुनी पोकळी म्हणजे जिवंत आजार नव्हे. नवी पोकळी दिसली, असलेली मोठी झाली, किंवा पेटमध्ये ती जागा पुन्हा उजळली, तरच काळजी करायची.

आपल्या वडिलांसाठी माझा सल्ला असा. संपूर्ण शरीराचा पेट-सीटी करावा, त्यात डोक्यापासून निदान गुडघ्यापर्यंतचा भाग घ्यायला सांगावा आणि सीटीची चित्रे हाडांसाठी स्वतंत्र वाचून अहवाल मागावा. त्याबरोबर सबंध पाठीच्या कण्याचा एमआरआय करावा. दोन्हींचा खर्च झेपत नसेल तर कमी मात्रेचा संपूर्ण शरीराचा सीटी आणि कण्याचा एमआरआय ही जोडी आजच्या निर्णयांसाठी पुरेशी आहे. पेट पुढे मूळ पेशींच्या प्रत्यारोपणाच्या किंवा देखभालीच्या औषधाच्या निर्णयावेळी करता येईल, मात्र तेव्हा तुलनेसाठी पहिला पेट हाताशी नसेल, हे रक्तरोगतज्ज्ञांशी बोलून मान्य करूनच ठरवा. पायांत नवा अशक्तपणा, बधिरपणा, कमरेभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटणे, लघवी अडणे किंवा शौचावरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही झाले, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी तातडीच्या विभागात नेऊन कण्याचा एमआरआय करून घ्या, कारण मज्जारज्जूवरच्या दाबात पाय वाचवण्यासाठी हाती असलेला वेळ तासांत मोजावा लागतो.

प्रत्येक स्कॅननंतर छापील फिल्मबरोबर मूळ चित्रांची सीडी मागून घ्या आणि तिच्यावर तारीख व त्याआधी डेक्सामेथासोन शेवटचे कधी घेतले ते लिहून ठेवा. पुढचा स्कॅन वाचणाऱ्याला तुमच्या फाइलमधून सर्वांत आधी तेच लागणार आहे.